खिंडसीवरच्या बोटीची हाउस बॅटरी: किती एएच, कुठे ठेवायची, उन्हाळ्यात कशी जपायची

खिंडसीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रामटेकजवळ खिंडसी तलावावर ८ मीटर लांब, २.४ मीटर रुंद फायबरची बोट आहे, मागे ४० एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड. इंजिन चालू करायची बॅटरी वेगळी आहे, तिला हात लावायचा नाही. दिवसभर पक्षी पाहणारे चार जण आणि रात्री काठाला बांधून मुक्काम, एवढ्यासाठी दुसरी, म्हणजे हाउस बॅटरी बसवायची आहे. सगळा भार १२ व्होल्टवर:

फ्रिज ४५ लिटर, कॉम्प्रेसरचा, चालताना ४ अँपिअर
पंखे ३, प्रत्येकी १.५ अँपिअर
एलईडी दिवे ६, प्रत्येकी ०.४ अँपिअर
पाण्याचा पंप ५ अँपिअर, बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) ३.५ अँपिअर
फिश फाइंडर १ अँपिअर, स्पीकर, चार मोबाइल, रात्रीचा नांगरदिवा

छतावर ३३५ वॉटची दोन पॅनलं बसतात. जेट्टीवर २३० व्होल्टचा पॉइंट आहे. नागपूरच्या सीताबर्डीत विचारलं तर सगळे एकच सांगून राहिले, "१५० एएचची एक ट्यूब्युलर टाका, होऊन जाईल." (एएच म्हणजे अँपिअर-तास; ट्यूब्युलर म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती पाणी घालायची लेड-अॅसिड बॅटरी.) खरंच होईल का? नाही तर किती लागेल, आणि लेड घ्यावी की लिथियम?

तारजोड

भाऊ, बॅटरी शेवटी ठरवायची. आधी चोवीस तासांत किती एएच जातात ते काढा. तुमच्या यादीवरून मे महिन्याचा एक दिवस मांडतो.

फ्रिज ४ अँपिअर खातो, पण सतत नाही. थंडीत तो वेळेच्या साधारण ३० टक्के चालतो, आपल्या उन्हाळ्यात ६० टक्के धरा. २४ × ०.६ × ४ = ५८ एएच. तीन पंखे दहा तास, ४५ एएच. सहा दिवे पाच तास, १२. फिश फाइंडर आठ तास, ८. मोबाइल ८, स्पीकर ८. पाण्याचा पंप दिवसात अर्धा तास, ३. नांगरदिवा रात्रभर, २. बिल्ज पंप १. बेरीज १४५ एएच.

यात फ्रिज आणि पंखे मिळून १०३ होतात. म्हणजे दिवे बदलून किंवा मोबाइलवर बंदी घालून काही हाती लागत नाही. फ्रिजच्या खोक्याभोवती २५ मिमीचा जादा फोम आणि कॉम्प्रेसरच्या जाळीला मोकळी हवा, एवढ्याने जो फरक पडतो तो बाकी सगळ्या काटकसरीने पडत नाही.

१५० एएचची एक ट्यूब्युलर निम्म्यापर्यंतच उतरवायची असते. म्हणजे हातात ७५ एएच. दिवस मावळायच्या आत संपेल.

ट्यूब्युलर_पाणी

वरचा हिशेब बरोबर आहे, पुढचा भाग मी जोडतो.

दिवसाला १४५. एक पूर्ण दिवस ऊन नाही, जेट्टीही नाही, असं धरलं तरी बोट चालली पाहिजे. लेड बॅटरी ५० टक्क्यांखाली न्यायची नाही म्हणून १४५ ÷ ०.५ = २९०. बॅटरी म्हातारी होईपर्यंत तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, तेव्हाही पुरायला हवी म्हणून २९० ÷ ०.८ = ३६२. बाजारात मिळणारं माप म्हणजे २०० एएचच्या दोन, समांतर जोडून ४०० एएच.

दीड दिवसाचा साठा हवा असेल तर तोच हिशेब ५४५ वर जातो, म्हणजे १५० च्या चार. पण पॅनलं आणि जेट्टी दोन्ही आहेत, तर दीड दिवसाची गरज नाही. बँक जेवढी मोठी तेवढं तिला रोज पूर्ण भरणं अवघड, आणि अर्धवट भरलेली लेड बॅटरी ही सावकाश मरणारी बॅटरी.

लेबल नीट वाचा. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरचे २०० एएच सहसा 'सी २०' चे, म्हणजे १० अँपिअरने वीस तासांत काढले तर मिळणारे. सोलर म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर 'सी १०' असतं. सी २० ने १५० एएचची बॅटरी सी १० ने मोजली तर १२०-१२५ च्या आसपास भरते. दोन दुकानांच्या किमती तोलताना दोन्हीकडे एकच माप आहे ना, हे पाहून घ्या. तुमचा सरासरी भार ६ अँपिअर आहे, त्यामुळे ४०० च्या बँकेला सी २० चे आकडे पूर्ण लागू पडतात.

आणि उंच 'टॉल' खोकं घेऊ नका. बोट कलते. बुटक्या खोक्याची घ्या आणि खाली पट्ट्याने आवळा.

कॉर्बेट_नको_खिंडसी

लिथियम आयर्न फॉस्फेटचा विचार करायला हवा. २८० एएचची चार सेल्स, वजन साधारण २२ किलो, खोकं धरून ३० च्या आत. दोन ट्यूब्युलर १३० किलोच्या आसपास, म्हणजे बोटीवर दोन माणसं कायमची जास्त. लिथियम ८० टक्के उतरवता येते, म्हणजे २२४ एएच हातात. मुख्य म्हणजे ती अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही, आणि ढगाळ आठवड्यात बोटीवर नेमकं तेच होतं.

नवतपा_४७

लिथियम की लेड याच्या आधी एक प्रश्न: बॅटरी बसणार कुठे? नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश नोंदलं गेलं आहे, आणि ते सावलीतलं तापमान. मागच्या सीटखालच्या बंद खोक्यात उन्हाचा तवा होतो.

लेड बॅटरीचं आयुष्य २५-२७ अंशांवर मोजलेलं असतं. त्याच्या वर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. पाच वर्षांची बॅटरी वर्षभर सरासरी ३७ अंशांत ठेवली तर अडीच वर्षांची झाली. कारण साधं आहे: आतली पॉझिटिव्ह जाळी उष्णतेत भराभर गंजते, पाणीही लवकर उडतं.

फसवणारी गोष्ट अशी की गरम बॅटरी जास्त एएच देते. मे-जूनमध्ये सगळं झकास वाटतं, मग डिसेंबरच्या पहाटे ८-१० अंशांत तीच बॅटरी निम्म्या रात्री बसते. लोक थंडीला दोष देतात. नुकसान नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, झालेलं असतं.

खिंडसीचं पाणी दुपारच्या हवेपेक्षा बरंच थंड असतं, त्याचा फायदा घ्या. बॅटरी डेकवर नको, पाण्याच्या रेषेखाली बोटीच्या तळाला लागून असलेल्या कप्प्यात ठेवा. खोक्याखाली २०-२५ मिमीच्या पट्ट्या द्या म्हणजे बिल्जचं पाणी लागणार नाही आणि हवा फिरेल. वरच्या डेकला आतून फोम लावा, बाहेरून पांढरा रंग. इंजिनाजवळ आणि पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात अजिबात नाही.

लिथियमवाल्यांनाही हे लागू आहे. बहुतेक बीएमएस (लिथियमच्या सेलांवर नजर ठेवणारी सर्किटं) सेल ५५-६० अंशांवर गेला की चार्जिंग तोडतात. बंद खोक्यात मेच्या दुपारी ते गाठणं अवघड नाही, आणि नेमकं तेव्हाच पॅनलं जोरात देत असतात. शिवाय पूर्ण भरलेली आणि गरम, अशा अवस्थेत लिथियमची सेल सर्वांत लवकर थकते.

खिंडसीकाठ

तळाचा कप्पा आहे, साधारण ३०० लिटरचा, आतापर्यंत दोऱ्या ठेवायला वापरला. झाकण घट्ट बसतं. चालेल?

ट्यूब्युलर_पाणी

झाकण घट्ट तर चालणार नाही, हवेचा मार्ग काढावा लागेल. हिशेब सांगतो, म्हणजे गांभीर्य कळेल.

भरलेल्या लेड बॅटरीत जादा गेलेला प्रत्येक एएच प्रत्येक सेलमध्ये सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन काढतो. शेवटच्या टप्प्यात १० अँपिअर जात असतील, सेल सहा, तर तासाला २५ लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने पेटतो. ३०० लिटरच्या ४ टक्के म्हणजे १२ लिटर. अर्धा तास पुरे.

हायड्रोजन वर चढतो. कप्प्याच्या सर्वांत उंच कोपऱ्यातून ४० मिमीचा पाइप सरळ वर, डेकच्या बाहेर, तोंड वाकवलेलं आणि जाळी लावलेली. खालच्या बाजूने ताजी हवा आत यायला दुसरं भोक. पाइप मध्ये कुठेही खाली झोल खाता कामा नये. कप्प्यात रिले, स्विच, चार्जर, फ्यूजचं पॅनल यातलं काही नको. अॅसिडच्या वाफेने ते असंही गंजतं.

सोलर_हिंगणा

पॅनलांबद्दल. लेड बॅटरीत टाकलेल्या १०० एएचमधले ८५ परत मिळतात. म्हणून १४५ परत घालायला १७१ एएच लागतात, १३.५ व्होल्टने सुमारे २३०० वॉट-तास. नागपुरात उन्हाळ्यात पूर्ण उन्हाचे पाच तास धरा, आणि सपाट छत, धूळ, तापलेलं पॅनल यामुळे प्रत्यक्षात ७० टक्के. २३०० ÷ (५ × ०.७) = ६५७ वॉट. दोन पॅनलांचे ६७० वॉट जेमतेम बसतात. पावसाळ्यात तीन-सव्वातीन तास धरले तर १५०० वॉट-तासच येतील, तेव्हा जेट्टीचा आधार लागणारच.

कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) एमपीपीटीच घ्या, तो पॅनलचा जादा व्होल्टेज खाली आणून त्याचा प्रवाह करतो. पॅनल जवळजवळ थेट बॅटरीला जोडणारा स्वस्त पीडब्ल्यूएम आपल्याकडे का फसतो ते पाहा: छोट्या ३६ सेलच्या पॅनलवर १८ व्होल्ट लिहिलेले असतात, ते २५ अंशांचे. छतावर पॅनल ७० अंशांवर जातं. दर अंशाला ०.४ टक्का घट, ४५ अंशांची १८ टक्के, उरले १४.८. तारेत अर्धा व्होल्ट गेला की बॅटरीला भरायला लागणारे १४.४ मिळतच नाहीत. दुपारी बारा वाजता ऊन रणरणतंय आणि चार्जिंग ढेपाळलेलं, असं दिसतं ते यामुळे.

तुमची ७२ सेलची पॅनलं साधारण ३८ व्होल्टची, त्यांना ही अडचण नाही. दोन्ही समांतर जोडा. बोट फिरते, छत्रीची किंवा झाडाची सावली एकावर पडली तरी दुसरं चालू राहतं. काही न जोडता पॅनलचा व्होल्टेज ४६ च्या आसपास, थंडीच्या पहाटे ४९ पर्यंत, म्हणून ७५ किंवा १०० व्होल्टचा, ५० अँपिअरचा कंट्रोलर.

शंटवाचक

त्या कंट्रोलरला तापमानाची तार असलीच पाहिजे, आणि ती बॅटरीला चिकटवलेली असली पाहिजे, खोक्याच्या भिंतीला नाही.

लेडचा चार्जिंग व्होल्टेज तापमानाप्रमाणे बदलतो, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे २४ मिलिव्होल्ट. २५ अंशांवर १४.४ हवे असतील तर ४५ अंशांवर १३.९२, आणि १० अंशांवर १४.७६. तार नसेल तर कंट्रोलर बारा महिने १४.४ देतो: मे महिन्यात बॅटरी उकळते, जानेवारीत उपाशी राहते.

याचा एक उपपरिणाम मॉनिटरवर होतो. शंट म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत बसवलेली, येणारे-जाणारे अँपिअर मोजणारी पट्टी. तिच्या मॉनिटरमध्ये 'भरली' म्हणायचा व्होल्टेज लोक १४.२ ठेवतात. उन्हाळ्यात कंट्रोलर १३.९ च्या वर जातच नाही, मग मॉनिटर कधी १०० टक्क्यांवर येत नाही आणि रोज थोडा थोडा चुकत जातो. उन्हाळ्यासाठी १३.७ ठेवा. शेपटीचा (चार्जिंगच्या शेवटी उरणारा) प्रवाह क्षमतेच्या ४ टक्के, म्हणजे ४०० ला १६ अँपिअर. चार्जिंगची कार्यक्षमता ८५ टक्के. प्यूकर्टचा आकडा (जोरात काढलं तर एएच किती घटतात ते सांगणारा) १.२५. आयती सेटिंग पुष्कळदा वेगळी असते, बदलल्याशिवाय मॉनिटरवर विश्वास ठेवू नका.

पवनीघाट

मधेच विचारतो, माफ करा. गोसीखुर्दच्या पाण्यावर अशीच छोटी बोट आहे, १५० ची एक ट्यूब्युलर. संध्याकाळी मीटर १२.६ दाखवतो, रात्री दोनला फ्रिज बंद. पहाटे पाहिलं तर बॅटरी १२.१. म्हणजे बॅटरी तर शिल्लक आहे, मग फ्रिज काऊन बंद पडतो?

तारजोड

पवनीघाट भाऊ, फ्रिजला बॅटरीचा व्होल्टेज दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवरचा दिसतो. असे कॉम्प्रेसर साधारण १०.४ व्होल्टला स्वतःला तोडतात आणि ११.७ झाल्याशिवाय परत चालू होत नाहीत.

तारेचं गणित: दोन मार्गांची लांबी × अँपिअर × ०.०१७८ ÷ चौरस मिमी. बॅटरीपासून फ्रिज ५ मीटर, तार घरच्या दिव्याची १ चौ. मिमी, प्रवाह ५ अँपिअर: १० × ५ × ०.०१७८ ÷ १ = ०.८९ व्होल्ट गेले. त्यात काचेच्या फ्यूजचं गंजलेलं होल्डर अर्धा व्होल्ट खातं. भाराखाली बॅटरी ११.८ वर असेल तर फ्रिजपाशी १०.४ उरतात. संपलं.

तपासायचं असं: फ्रिज चालू असताना मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळं टोक फ्रिजच्या पॉझिटिव्हवर. ०.२ च्या वर दिसलं की त्या वाटेत दोष. हेच निगेटिव्हच्या बाजूला. मग एकेक जोड ओलांडत जा, जिथे आकडा उडी मारतो तो जोड खराब. नवीन तार ६ चौ. मिमी टाका, त्याच लांबीत ०.१५ व्होल्टच जातील.

पवनीघाट

तार १ चीच आहे. आणि होल्डर काचेच्या फ्यूजचंच. बदलतो. धन्यवाद भाऊ.

तारजोड

आता खिंडसीकाठ यांच्या जोडणीकडे.

दोन बॅटऱ्या समांतर जोडताना भाराची पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून घ्या, तिरकी. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर जवळची जास्त राबते, लांबची उपाशी राहते, आणि वर्षभरात जोडी फुटते. मधल्या दोन्ही तारा सारख्या लांबीच्या, ३५ चौ. मिमी. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या. एक जुनी एक नवी जोडू नका, जुनी नवीला खाली ओढते.

बाजारात 'वेल्डिंग केबल' म्हणून जाड तार स्वस्तात मिळते. तांब्याची असेल तर चालते, पण अॅल्युमिनियमचीही अगदी तशीच दिसते. टोक सुरीने खरवडून आतून लाल आहे की पांढरी ते बघूनच घ्या. टिन चढवलेलं तांबं समुद्रावर अत्यावश्यक, आपल्या गोड्या पाण्यावर साधं तांबं चालेल, पण लग (तारेच्या टोकाला बसवायचं, बोल्टचं भोक असलेलं टोपण) हायड्रॉलिक प्रेसने दाबलेला आणि त्यावर आतून गोंद असलेली नळी गरम करून बसवलेली हवी. हातोडीने ठोकलेला लग सहा महिन्यांत हिरवा होतो.

मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून १८ सेंटिमीटरच्या आत. हे अंतर अमेरिकन बोटींच्या वायरिंग नियमातलं आहे आणि त्यामागचा तर्क पटण्यासारखा आहे: फ्यूजच्या आधीच्या तारेला कोणाचंच संरक्षण नसतं, म्हणून ती जमेल तेवढी आखूड. टर्मिनलवरच बसणारा सीलबंद फ्यूज मिळाला तर उत्तम, कारण कप्प्यात वायू आहे. तुमचा सगळा भार एकदम चालू केला तरी २५ अँपिअर. ३५ चौ. मिमीला १०० अँपिअरचा फ्यूज ठेवा. फ्यूज तारेसाठी असतो, उपकरणासाठी नाही, म्हणून प्रत्येक बारीक फाट्याला त्याच्या तारेप्रमाणे वेगळा.

लिथियम घेणार असाल तर मुख्य फ्यूज 'क्लास टी' प्रकारचाच. शॉर्ट झाला की लिथियम काही हजार अँपिअर सोडते आणि साधा फ्यूज वितळूनही मधली ठिणगी चालूच राहते.

खिंडसीकाठ

मिक्सरसाठी ६०० वॉटचा इन्व्हर्टर बसवावा का? घरून मागणी आहे.

तारजोड

मिक्सर पाच मिनिटं चालला तर ४-५ एएच, ते किरकोळ. पण इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तर बरेचसे मॉडेल रिकामेच पाऊण ते एक अँपिअर खातात, दिवसाला २० एएच. हाताने बंद करायचा वेगळा स्विच हवा. पूर्ण भारावर तो ११.५ व्होल्टला ६१ अँपिअर ओढेल, म्हणून बॅटरीपासून दीड मीटरच्या आत, १६ चौ. मिमीची तार, ८० चा फ्यूज. मग मुख्य फ्यूज १०० वरून १२५ करा.

कॉर्बेट_नको_खिंडसी

इंजिनाच्या अल्टरनेटरवरून हाउस बॅटरी भरायची असेल तर लिथियमला थेट जोडू नका. या आउटबोर्डचा अल्टरनेटर लहान, आणि लिथियम देईल तेवढं ओढते, अल्टरनेटर पूर्ण जोरावर तासन्‌तास चालून जळतो. मध्ये २० अँपिअरच्या आतला डीसी-डीसी चार्जर घाला. बीएमएसने एकदम तोडलं तर अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळून डायोड उडतात, तेही यानेच टळतं. लेडला साधा व्होल्टेज रिले पुरतो, १३.३ ला जोडणारा, १२.८ ला तोडणारा.

ट्यूब्युलर_पाणी

देखभालीचं लिहितो, लांब आहे, पण लेडचं सगळं यातच आहे.

पाणी. दिवसाला २० एएच वायूत गेले तर दोन बॅटऱ्या मिळून ४० मिलिलिटर पाणी जातं, महिन्याला सव्वा लिटरच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात दर तीन आठवड्यांनी, थंडीत दीड-दोन महिन्यांनी झाकणं उघडा. फक्त बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार उरतातच, आणि ते एकदा आत गेले की बाहेर काढता येत नाहीत. पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घाला, आधी नाही, कारण चार्ज होताना पातळी चढते आणि अॅसिड वर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या बुडतील एवढंच. अॅसिड कधीच घालायचं नाही. उडतं ते पाणी, अॅसिड आतच असतं.

ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरने मोजलेली अॅसिडची घनता. महिन्यातून एकदा, चार्ज झाल्यावर दोन तास थांबून, प्रत्येक बॅटरीच्या सहाही सेलची वहीत लिहा. भरलेल्या ट्यूब्युलरची साधारण १.२४० ते १.२५०, नेमका आकडा तुमच्या बॅटरीच्या पुस्तिकेतला. गाडीच्या बॅटरीचे १.२८० इथे शोधू नका, लोक त्या नादात अॅसिड ओततात. हायड्रोमीटर २७ अंशांसाठी आहे, वर दर अंशाला ०.०००७ मिळवा: ४० अंशांवर १.२३५ दिसलं तर खरं १.२४४. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने खाली असेल तर समीकरण करा. समीकरणानंतरही तोच सेल मागे राहिला तर तो जातोय असं समजा.

समीकरण म्हणजे मुद्दाम दिलेला जादा चार्ज. बोट बांधून उभी राहते तेव्हा जड अॅसिड तळाशी बसतं, खालच्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं. बुडबुड्यांनी ते ढवळलं जातं. आधी पूर्ण चार्ज. फ्रिज, फिश फाइंडर, सगळी इलेक्ट्रॉनिक्स तोडा, १५.५ व्होल्ट त्यांना मानवत नाहीत. कप्प्याचं झाकण उघडं. मग १५.५ व्होल्टवर दोन ते चार तास, दर तासाला ग्रॅव्हिटी. सलग तीन वाचनं सारखी आली की थांबा. बॅटरी ५० अंशांवर गेली तर लगेच थांबा. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये करायचंच नाही. ऑक्टोबर आणि फेब्रुवारी, रात्री.

आठवड्यातून एकदा जेट्टीवर रात्रभर लावा. ट्यूब्युलर ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, शेवटच्या २० टक्क्यांना चार-चार तास लागतात, आणि तोवर सूर्य मावळतो. ४०० एएचला ४० अँपिअरचा तीन टप्प्यांचा चार्जर. घरच्या इन्व्हर्टरमधला चार्जर पुष्कळदा बोटीच्या कामाचा नसतो. जेट्टीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा, माणूस पाण्यात उभा असतो.

टर्मिनल: खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सोडा झाकणाच्या भोकात जाऊ देऊ नका, कोरडं करा, नट आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग लग बसवला तर जोडात चरबीचा थर राहतो. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा.

नवतपा_४७

पावसाळ्याचं कोणी बोललं नाही. बोट तीन महिने उभी राहते तेव्हा बिल्ज पंप हाच खरा भार. ८ × २.४ मीटरच्या उघड्या बोटीत १०० मिमी पाऊस म्हणजे १९०० लिटर पाणी. ११०० गॅलनचा पंप कागदावर तासाला ४१०० लिटर काढतो, पाइपची चढण आणि वळणं धरून निम्मं धरा. एका तासात काम होतं, ३.५ एएच. बॅटरी पुरून उरेल. पंप बंद पडतो तो फ्लोट स्विचमध्ये पानं अडकून, किंवा निघताना कोणी मुख्य स्विच फिरवतो म्हणून. पंपाची तार मुख्य स्विचच्या आधी जोडा, स्वतःच्या फ्यूजसकट, आणि पाच लिटर पाणी ओतून महिन्यातून एकदा पाहा.

लेड बॅटरी उभी ठेवताना पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा परत भरा. लिथियम उलट, ५०-६० टक्क्यांवर ठेवा.

शंटवाचक

आणि जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, दुकानदार वजनाप्रमाणे पैसे वळते करतो. अॅसिड तलावाच्या काठी ओतलं जातं ते बहुतेक या टप्प्यावरच.

खिंडसीकाठ

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: २०० एएचच्या दोन बुटक्या ट्यूब्युलर, तळाच्या कप्प्यात, ४० मिमीचा वायूचा पाइप. जेट्टी हाताशी आहे आणि पाणी बघायला मी आठवड्याला जातोच, म्हणून लेड. ६७० वॉट, एमपीपीटी ५०, तापमानाच्या तारेसकट. चार्जर ४०. ३५ ची तार, तिरकी जोडणी, मुख्य फ्यूज १२५. मिक्सरचा इन्व्हर्टर वेगळ्या स्विचवर. बिल्ज पंप थेट बॅटरीवर, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्ही.

शंटवाचक

पंपाची निगेटिव्ह थेट बॅटरीवर नको, शंटच्या भाराकडच्या बोल्टवर घ्या. कंट्रोलर, चार्जर, इन्व्हर्टर यांच्याही तिथेच. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटची एकच तार असावी. एक जरी तार शंटला वळसा घालून गेली तर तिचे एएच मोजलेच जात नाहीत, आणि पावसाळ्यानंतर मॉनिटर १०० टक्के सांगेल तेव्हा बँक कुठे आहे ते कळणार नाही.

खिंडसीकाठ

पाहिलं. आकृतीत दुरुस्त करतो. शंट कप्प्याच्या बाहेर, बरोबर?

शंटवाचक

हो जी, बाहेर, मधल्या भिंतीवर. आणि मॉनिटरला जाणाऱ्या बारीक लाल तारेलाही बॅटरीजवळ १ अँपिअरचा फ्यूज.